दुसऱ्या गटातल्यांचं काय?

मागच्या पावसाळ्यात मोठ्या दिरांना दाखवायला मुंबईला घेऊन गेले होते. दुपारी अडीचची वेळ, ओपीडीच्या कॉरिडॉरमधे बसायला जागा नाही, ओल्या छत्र्यांचं पाणी फरशीवर, फिनेलचा वास आणि त्यातच कुणीतरी डबा उघडलेला त्यातल्या लसणाच्या चटणीचा वास, आणि नावं पुकारणारा मुलगा इतक्या घाईत पुकारायचा की एका नावाला चार जण उठून उभे राहायचे. शेजारी जालन्याकडची एक बाई बसली होती, पन्नाशीची असेल. तिचा नवरा उपरण्याचं टोक तोंडाला लावून गप्प बसलेला, बोलता येत नसावं त्याला. तिच्या मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात फाइल, रिपोर्ट, सीटी स्कॅनचं मोठं पाकीट, आणि सगळ्यात वर सातआठ पानांचा छापील कागद. बराच वेळ तिने तो उलटसुलट करून बघितला आणि मग माझ्याकडे सरकवला. "ताई, बारीक अक्षर दिसतंय का तुम्हाला? एवढं वाचून सांगा की काय म्हणतेत ते."

तो संमतीचा कागद होता. एका औषधाची ट्रायल चालू होती आणि त्यात तिच्या नवऱ्याला घ्यायचं की नाही हे विचारलं होतं. मराठीच होतं सगळं, पण असं मराठी की मलाही एकेक वाक्य दोनदा वाचावं लागत होतं. मी जमेल तसं सोपं करून सांगितलं, की दोन गट करणार आहेत, एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला नेहमीचे उपचार अधिक हे औषध, कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरांच्या हातात ते नाही. मधेच कधीही नको म्हणता येईल, नको म्हटलं तरी उपचार बंद होणार नाहीत. ती ऐकत होती, नवऱ्याकडे बघत होती. मला वाटलं आता विचारेल की आम्हाला चांगल्या गटात टाकायला कुणाला सांगावं लागतं. तिने विचारलं ते वेगळंच. "आन् आमाला औषध मिळालं, गुण आला, तर मग त्या दुसऱ्या गटातल्यांचं काय, ताई?"

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं आणि ती दोघं आत गेली.

परतीच्या प्रवासात, नंतर घरी, नंतर कित्येक दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना. मी काही डॉक्टर नाही, पुण्यात एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, त्यामुळे जर्नल्स हाताशी असतात आणि वाचायची सवय आहे एवढंच. आपण सगळे पेपरात बातम्या वाचतो, अमुक औषधाने मृत्यूचं प्रमाण इतके टक्के कमी झालं, तमुक लसीने इतके टक्के संरक्षण मिळालं, आणि वाचताना आपोआप स्वतःला ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात धरतो. कमी झालं म्हणजे कुणापेक्षा कमी झालं? ते ज्यांच्याशी ताडून बघितलं ती माणसं बातमीत नसतातच. तीही आमच्या दिरांसारखी फाइल घेऊन आलेली, नंबर लावून बसलेली, आणि त्यांनीही त्याच कागदावर सही नाहीतर अंगठा केलेला असतो. त्या बाईला सातआठ पानांतून सगळ्यात आधी तीच माणसं दिसली.

कोविडचं आठवा. २०२१ च्या एप्रिलमधे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसरात्र एकच मेसेज फिरत होता, प्लाझ्मा हवाय, म्हणजे कोविडमधून बरं झालेल्याच्या रक्तातला पातळ भाग, बी पॉझिटिव्ह, अर्जंट. माझ्या चुलतभावासाठी आम्ही रात्री दोन वाजता अनोळखी लोकांना फोन केलेत, तुम्हाला होऊन किती दिवस झाले, तुम्ही देऊ शकाल का, गाडी पाठवतो. ज्यांनी दिला त्यांचं मन केवढं मोठं होतं ते मी विसरणार नाही. पण त्याच्या सहा महिने आधीच, ऑक्टोबर २०२० मधे, आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या ३९ हॉस्पिटलांमधे ४६४ पेशंटवर केलेल्या चाचणीचा निकाल ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे आला होता, की प्लाझ्मा दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत आजार बळावण्यात किंवा मृत्यूत काही फरक नाही. सरकारी मार्गदर्शक सूचनांमधून प्लाझ्मा काढला तो मे २०२१ मधे. मधल्या काळात किती घरांनी किती पैसे आणि किती रात्री घातल्या असतील! त्या ४६४ मधल्या ज्यांना प्लाझ्मा मिळाला नाही त्यांच्या घरचे तेव्हा नक्की तळमळले असतील की आपल्या माणसाला का नाही, आणि आपल्याला जे खात्रीने कळलं ते मात्र त्यांच्यामुळेच कळलं.

याच्या उलट डेक्सामेथासोन. जुनं, काही रुपयांत मिळणारं स्टेरॉइड, आपल्या गल्लीतल्या मेडिकलमधे कायम असतं ते. ब्रिटनमधे रिकव्हरी नावाची प्रचंड चाचणी चालू होती, तिचा निकाल जून २०२० मधे आला. २,१०४ जणांना ते दिलं आणि ४,३२१ जणांना नेहमीचेच उपचार. व्हेंटिलेटरवर असलेल्यांमधे अठ्ठावीस दिवसांत न दिलेले ४१.४ टक्के गेले, दिलेले २९.३ टक्के. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. हा दुसरा भाग आपल्याकडे कुणी ऐकलाच नाही, ताप आला की पहिल्या दिवशी स्टेरॉइड चालू केलेले लोक मी स्वतः बघितलेत. एकाच चाचणीने कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे दोन्ही सांगितलं होतं, आपण अर्धंच उचललं. आणि ते ४,३२१ जण? त्यांच्यावर कुणी अन्याय केला नाही, कारण त्या वेळेला जगात कुणालाच माहीत नव्हतं की हे औषध चालतं, उलट व्हायरसच्या आजारात स्टेरॉइड घातक ठरेल असं मानणारे डॉक्टर भरपूर होते. निकाल उलटा लागला असता तर तेच वाचले असते आणि २,१०४ जणांना त्रास झाला असता.

हे डोक्याला पटतं. पण त्या बाईने डोक्याला विचारलं नव्हतं.

दिरांच्या आजारामुळे तोंडाच्या कॅन्सरबद्दल बरंच वाचणं झालं. आपल्याकडे हा कॅन्सर म्हणजे गुटखा, तंबाखू, मिश्री, घराघरात आहे. टाटा हॉस्पिटलने २००४ पासून दहा वर्षं एक साधा प्रश्न धरून ठेवला होता. सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर आहे, मानेत गाठ लागत नाहीये, तर तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या गाठीही काढून टाकायच्या, की थांबायचं, लक्ष ठेवायचं आणि गाठ आली तरच काढायच्या? जगभरच्या सर्जन लोकांचं यावर कित्येक वर्षं एकमत नव्हतं आणि दोन्ही बाजूंना मोठमोठी नावं होती. मानेचं ऑपरेशन म्हणजे खांदा दुखतो, हात वर जात नाही, उगाच कशाला, असं म्हणणाऱ्यांचंही काही चुकत नव्हतं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने पेशंटचे दोन गट केले. पहिल्या ५०० जणांचा हिशेब २०१५ मधे न्यू इंग्लंड जर्नलमधे आला. तीन वर्षांनी, आधीच गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. पहिल्या गटात ५० मृत्यू, दुसऱ्यात ७९. फरक एवढा स्पष्ट दिसल्यावर देखरेख करणाऱ्या समितीने पुढची भरतीच थांबवायला सांगितली. आज दिरांच्या मानेवर कानामागून खाली आलेला जो लांब व्रण आहे, ज्याच्यावर जाऊबाई रोज रात्री खोबरेल तेल लावतात, तो त्या निकालामुळे आहे. त्यांचा डावा खांदा अजून दुखतो, सदरा घालताना त्रास होतो. मी तो व्रण बघते तेव्हा मला ते ७९ जण आठवतात, कोण कुठले, बिहारचे, विदर्भातले, कोकणातले, नावं आपल्याला कधी कळणार नाहीत, कळायलाही नकोत, पण होते.

त्याच हॉस्पिटलमधून २०२३ च्या सुमारास आलेली अजून एक चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. निवोलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, डोक्यामानेच्या पसरलेल्या कॅन्सरवर चालतं, पण किंमत अशी की आपल्याकडे शेकड्यात दोनतीन जणांनाही झेपत नाही. नेहमीचा डोस साधारण दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. टाटाच्या डॉक्टरांनी विचारलं की एवढं लागतंच का? त्यांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या स्वस्त औषधांच्या जोडीला देऊन बघितलं. १५१ पेशंट. एक वर्षानंतर नुसत्या स्वस्त औषधांवरचे १६.३ टक्के जिवंत होते, थोडं निवोलुमॅब मिळालेले ४३.४ टक्के. कुठलीही कंपनी असा प्रश्न स्वतःहून विचारणार नाही, कमी औषध विकलं जाण्यात तिचा काय फायदा? हे प्रश्न सरकारी पैशावर चालणाऱ्या, रोज हजारो माणसांची रांग बघणाऱ्या ठिकाणीच सुचू शकतात असं मला मनापासून वाटतं. तरीही तो पहिला आकडा वाचून मी लॅपटॉप मिटवला होता. १६.३ टक्के म्हणजे शंभरातले चौऱ्याऐंशी जण वर्षाच्या आत गेले. त्यांना जे मिळालं ते आपल्या देशात बहुतेकांना मिळतं तेच होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागतं मनाला.

आता माझ्या गावाकडचं. मी उस्मानाबाद जिल्ह्यातली, आता धाराशिव म्हणायचं. १९९९-२००० च्या आसपासची गोष्ट, मी कॉलेजला होते, सुट्टीत गावी आले तर घराघरात एकच चर्चा, गर्भाच्या पिशवीच्या तोंडाची तपासणी. जीप यायची, नर्सबाई आणि एक-दोन कार्यकर्त्या रजिस्टर घेऊन दारोदार फिरायच्या, घरात तीस ते साठच्या मधल्या बायका किती, लेकरं किती, लग्न कितव्या वर्षी झालं, सगळं लिहून घ्यायच्या आणि तारीख सांगून जायच्या. माझ्या आईने त्या दिवशी पाहुण्यांकडे जायची म्हणून ठेवलेली जांभळी साडी नेसली होती ते मला पक्कं आठवतं. शाळेच्या एका खोलीत पडदा म्हणून चादर बांधलेली, आत टेबल, टॉर्च, डेटॉलचा वास, बाहेर व्हरांड्यात वीसपंचवीस बायका पदर तोंडाला लावून खुसूखुसू हसत होत्या, हसण्याखाली भीती होती. एकमेकींना पुढं ढकलत होत्या, तू जा, न्हाई तू जा आधी. एक म्हातारी म्हणाली, बाळंतपणात सुइणीनं बघितलं तेवढंच, त्याच्यानंतर नवऱ्यानंबी कधी उजेडात बघितलं न्हाई, आन् आता टॉर्च लावून बघणार. अंगावरून पांढरं जातं हे ज्यांनी सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं त्या बायका एका अनोळखी नर्ससमोर टेबलावर झोपल्या. मला तेव्हा ते काय चाललंय ते कळत नव्हतं, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला वाटते तशी थोडी लाजच वाटत होती.

ते काय होतं ते मला कळलं खूप नंतर, लायब्ररीत. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा, आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून आमच्या जिल्ह्यात केलेली चाचणी होती ती. बार्शीचे डॉ. भगवान नेने, ल्योंचे डॉ. शंकरनारायणन, ही नावं तिथे पहिल्यांदा वाचली. गावांचे ५२ समूह, १,३१,७४६ बायका, चार गट. एका गटाची एचपीव्ही टेस्ट, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची तपासणी, एका गटाचा पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, एका गटात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी तपासणी, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच. आणि चौथा गट, ३१,४८८ बायकांचा, त्यांना तपासणी हवी असेल तर कुठे करून घेता येईल याची माहिती दिली, बाकी गावात जे मिळत होतं तेच. न्यू इंग्लंड जर्नलमधे २००९ मधे निकाल आला. एचपीव्ही टेस्टच्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने ३४ जणी गेल्या, चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेली एक टेस्ट, आणि मृत्यू जवळजवळ निम्मे. बाकीच्या दोन तपासण्यांनी एवढा फरक पडला नाही. त्या निकालाने जगाची दिशा बदलली असं म्हणायला हरकत नाही. २०२१ मधे जागतिक आरोग्य संघटनेने तपासणीसाठी एचपीव्ही टेस्टच वापरा असं सांगितलं, त्यामागे जो पुरावा आहे त्यात आमच्या काळ्या रानातल्या, ज्वारी काढणाऱ्या, लातूरच्या रस्त्यावर वडापच्या जीपला लटकून जाणाऱ्या बायका आहेत. मला त्याचा अभिमान वाटतो, खरंच वाटतो.

पण माझ्या मावशीच्या गावात जीप आली नव्हती.

आमच्यापासून बारापंधरा किलोमीटरवर तिचं गाव, तीच माती, तीच एसटी. आईची तपासणी झाली आणि मावशीची नाही, हे बहिणी बहिणींच्या बोलण्यात नेहमी यायचं. "तुमच्याकडं जीप आली, आमच्याकडं नुसतं बोलून गेले," असं ती म्हणायची, तक्रार म्हणून नाही, सहज. मावशी धडधाकट आहे. तिच्या शेजारची एक काकू मात्र आठवते, उंच, मोठं कुंकू लावणारी, आम्ही गेलो की शेंगांचे लाडू देणारी. ती गेली त्या वर्षांतच. काय झालं होतं ते कुणी नीट सांगितलं नाही, "पिशवीचं दुखणं" एवढंच, सोलापूरला नेलं होतं, उशीर झाला होता. ६४ हा आकडा मी वाचला तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आधी तिचं कुंकू आलं. ती त्या चाचणीत होती असं मी म्हणत नाही. पण त्या ६४ जणींपैकी प्रत्येकीचं असंच एक घर होतं, असेच लाडू खाणारी कुणाची तरी लेकरं होती.

यावर पुढे वादही झाला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधे टाटाने अशीच मोठी चाचणी केली होती, दीड लाखाच्या आसपास बायका, निम्म्यांची दर दोन वर्षांनी व्हिनेगरने तपासणी, निम्म्यांना फक्त माहिती, आणि तिथे तपासलेल्यांमधे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेतले डॉ. एरिक सुबा यांनी विचारलं की तपासणीने जीव वाचतात हे जगाला आधीच माहीत होतं, मग एका गटाला तपासणी न देता वर्षानुवर्षं नुसतं मोजत राहायचं हे कुठल्या नीतीत बसतं? मुंबईतून निघणाऱ्या इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समधे यावर भरपूर लिहिलं गेलं. संशोधकांचं म्हणणं, भारतात तेव्हा कुठलाच तपासणी कार्यक्रम नव्हता, आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही, आणि परदेशातला पॅप स्मिअर इथे खेड्यात चालेलच असं नाही, इथे काय चालतं ते इथेच शोधावं लागणार. मी दोन्हीकडचं वाचलं, पुन्हा पुन्हा वाचलं. संशोधकांचं खरं आहे, ती चाचणी झाली नसती तर चारही गटांना काहीच मिळालं नसतं, आईलाही नाही. सुबांचंही खरं आहे. इथे काहीच मिळत नव्हतं हे कारण देऊन काहीच न देणं, हे गरीब देशातल्या गरीब बायकांच्याच बाबतीत शक्य होतं. दोन्ही बाजू मला एकाच वेळी पटतात आणि त्यातून सुटायची वाट सापडत नाही. एवढं मात्र वाटतं की हा प्रश्न चिघळत राहायला हवा, कुणी तो आता मिटला असं म्हणू नये.

अशाच दुसऱ्या एका गोष्टीने मला थक्क केलं. २००९ मधे एचपीव्ही लसीची चाचणी भारतात नऊ ठिकाणी सुरू झाली, त्यात बार्शी होतं, पुणे होतं, मुंबई होतं. दहा ते अठरा वर्षांच्या मुली, दोन डोस पुरतात की तीन लागतात एवढं बघायचं होतं. त्याच सुमारास आंध्र आणि गुजरातमधे या लसीचा एक वेगळाच प्रकल्प चालू होता, त्यातल्या काही मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, पण दुसरं एक भयंकर बाहेर आलं. आंध्रात वसतिगृहात राहणाऱ्या कितीतरी आदिवासी मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापांच्या जागी वॉर्डनने सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ मधे त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि योग्यच केलं, सात आठ पानं वाचून दाखवायला कुणी शेजारी बसलेलं असणं ही त्या मुलींची किमान गरज होती. पण त्याआधीच, एप्रिल २०१० मधे, सरकारने या लसीवरचं सगळं काम थांबवलं आणि त्यात बार्शीपुण्याची चाचणीही थांबली. काही मुलींचे तीन डोस झालेले, काहींचे दोन, आणि पाचेक हजार मुलींना एकच डोस मिळून गाडी तिथेच अडकली. कुणी ठरवून त्यांना कमी डोसच्या गटात टाकलं नव्हतं. संशोधकांनी मात्र या मुलींना सोडलं नाही, त्यांची लग्नं झाली, गावं बदलली, तरी दहा वर्षं त्यांचा माग ठेवला. २०२१ मधे लॅन्सेट ऑन्कोलॉजीत आलं, की ज्या दोन एचपीव्ही विषाणूंमुळे हा कॅन्सर सगळ्यात जास्त होतो त्यांचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एका डोसची ताकद ९५.४ टक्के, म्हणजे दोन किंवा तीन डोसइतकीच. केनियात वेगळी चाचणी झाली, तिथेही एक डोस पुरतो असंच दिसलं. २०२२ मधे जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली. ज्या गरीब देशांना तीन डोस झेपत नव्हते त्यांना एक झेपतो. आणि हे शोधलं कुणी म्हणायचं, तर ज्यांचं लसीकरण अर्ध्यावर बंद पडलं त्या मुलींनी.

गटांच्या बाबतीत माणुसकीने केलेली चाचणी कशी असते तेही बघायला मिळालं. झारखंडमधे डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी टीबीच्या पेशंटांच्या घरी धान्य पोचवलं. २,८०० पेशंट, त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. एका गटातल्या घरच्यांना मोठ्या माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, बघायचं एवढंच की पोटभर मिळालं तर त्यांना टीबी लागायचा थांबतो का. थांबला, जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाला. यात एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली, पेशंट दोन्ही गटांतले असोत, त्यांना स्वतःला धान्याचा डबा मिळालाच, हाडंकाडं झालेल्या माणसाला तुमची चिठ्ठी निघाली नाही असं कुणी सांगितलं नाही. फरक फक्त घरच्यांच्या धान्यात ठेवला. ज्या घरांना पेशंटपुरतंच मिळालं तिथे ते एकट्याने खाल्लं असेल असं मला वाटत नाही, आईबाप आहेत म्हटल्यावर ताटातलं लेकरांच्या ताटात गेलंच असणार. तरीही ४,७२४ जणांत १२२ जणांना टीबी झाला, धान्य मिळालेल्या ५,६२१ जणांत ९६ जणांना. २०२४ च्या शेवटी सरकारने टीबी पेशंटचे महिन्याचे ५०० रुपये वाढवून १,००० केले. थोडे आहेत, पण ज्या घरांनी ते सिद्ध करून दाखवलं तशाच घरांपर्यंत ते जातायत.

आमच्या जिल्ह्याच्या बायकांचं तसं अजून झालेलं नाही याचं मला वाईट वाटतं, रागही येतो. ज्या टेस्टने जग बदललं ती टेस्ट, २०१६ मधे आपला राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम आखला तेव्हा, त्याची पद्धत झाली नाही, तिथे व्हिनेगरनेच बघायचं ठरलं. ज्या बायकांनी लाज बाजूला ठेवून टेबलावर झोपून हे ज्ञान जगाला दिलं, त्यांच्या सुनांना ते सगळ्यात आधी मिळायला हवं, इतर जिल्ह्यांच्या आधी, मुंबईपुण्याच्या आधी. त्याच जिल्ह्यात घराघरात जाऊन सांगायला हवं की तुमच्या सासूबाईंनी हे केलं, त्यातून हे कळलं, आणि आता तुमची पाळी. चौथ्या गटातल्या गावांमधे तर सगळ्यात आधी. यापलीकडे त्या बाईच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर मला सुचत नाही.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. भावाची मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला ती लस द्यायची का यावर वहिनी कुरकुरत होती, एवढ्या पोरीला असली लस कशाला, लोक काय म्हणतील, पुढे मूल होईल ना. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काय काय तिने मला दाखवलं. मी बार्शीचं सांगितलं, अर्ध्यावर राहिलेल्या मुलींचं सांगितलं, ६४ आणि ३४ चं सांगितलं. वहिनी मान हलवत होती पण पटलेलं दिसत नव्हतं. आई शेंगा फोडत बसली होती, तिने वर न बघताच विचारलं, "टोचायचं कुठं असतंय ते?" दंडात, मी म्हटलं. "दंडात हाय न्हवं? आमाला तवा चादरीमागं जावं लागलं व्हतं, आन् गेलो की आमी. हिला नुसती बाही वर करायची हाय, तर काय एवढं धरून बसलीस." वहिनीने उठून मोबाइल चार्जिंगला लावला आणि म्हणाली, शनिवारी दवाखाना उघडा असतो का बघते.